रविवारचा दुसरा फोन

कुणाला घाबरवायचं म्हणून मी हे लिहीत नाहीये. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण त्या खोलीत मी स्वतः होते. रिसीव्हर माझ्या हातात होता.

रविवारची दुपार होती. बाहेर लख्ख ऊन. रस्त्यावर मुलं सायकली फिरवत होती. भुताखेतांची वेळच नव्हती ती.

पण आधी थोडं मागचं सांगते.

मला दोन मामा. थोरला मालवाहू बोटीवर इंजिन सांभाळायचा. धाकटा गाडी चालवायला शिकवतो. तो, मामी आणि आजी एकत्र राहायचे, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. दोन्ही मामांहून मोठी माझी आई. त्यांची ताई. घरात तिचा शब्द शेवटचा.

आजीचं हृदयाचं ऑपरेशन झालं. ती घरी येते न येते, तोच बोटीच्या कंपनीचा फोन आला. थोरला मामा डेकवर गेला होता... परत खाली आलाच नाही. समुद्रात शोधाशोध झाली. काही सापडलं नाही.

डॉक्टरांनी बजावलं होतं, "थोडे दिवस त्यांना कसलाही धक्का बसू देऊ नका."

माझ्या आईने डोळे पुसले आणि तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

"आईला कळता कामा नये. त्याच्या आवाजात तू बोलायचंस."

हे धाकट्या मामाला. तो कुणाचीही हुबेहूब नक्कल करायचा. डॉक्टरांची, शेजाऱ्यांची, आमच्या सगळ्यांची. भावाचा आवाज तर त्याच्या घशातच होता.

एकटी मामी म्हणाली, "ताई, हे बरं नाही. अंगाशी येईल."

"मग जा, तू सांग," आई म्हणाली. "तिला काही झालं तर तुझ्यावर."

मामी उठून आत गेली.

थोरला मामा दर रविवारी दुपारी बोटीवरून आजीला फोन करायचा. मागे कायम इंजिनाची घरघर. म्हणून धाकटा मामा आमच्याकडे यायचा, मागच्या खोलीत वॉशिंग मशीन सुरू करायचा आणि त्याला टेकून फोन लावायचा.

"हॅलो आई, मी बोलतोय."

पहिल्या फोननंतर त्याचा शर्ट घामाने भिजला होता. "नाही ओळखलं," तो म्हणाला.

आम्ही टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. घरातला माणूस गेला होता, आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो.

पुढे ते अंगवळणी पडलं. मशीन कपडे पिळायला लागलं की आजी विचारायची, "वारा सुटलाय का रे तिकडे?" आम्ही तोंडावर हात दाबून हसायचो.

फोन ठेवताना आजी दर वेळी एकच विचारायची, "रागावला नाहीस ना माझ्यावर?"

"छे गं," मामा म्हणायचा.

आम्ही कधी त्याचा विचारच केला नाही.

थोड्या दिवसांचं वर्ष झालं. आजी ठणठणीत झाली. जिने चढायला लागली. मामी म्हणाली, "आता तरी सांगूया."

आई म्हणाली, "आता कोणत्या तोंडाने सांगायचं? वर्षभर काय करत होतात, असं विचारेल."

म्हणजे आता आम्ही आजीला जपत नव्हतो. स्वतःला जपत होतो.

आणि मग एका रविवारी धाकट्या मामाचा घसा बसला. शब्द फुटेना. फोन केलाच नाही.

संध्याकाळी मामीने आईला विचारलं, "घसा बसलाय ना यांचा? मग फोन कुणी केला?"

"कसला फोन?"

"अहो, आई अर्धा तास बोलत होत्या. हसत होत्या..."

आई म्हणाली, राँग नंबर असेल. म्हातारं माणूस, कुणाशीही बोलत बसतं.

पण पुढच्या रविवारी तिने मला आजीजवळ बसायला पाठवलं.

मामाचा घसा आता बरा होता. नेहमीच्या वेळेला फोन वाजला. आजी दोन मिनिटं बोलली. हो, नाही, बरं. रिसीव्हर ठेवला.

पण खुर्चीतून उठली नाही.

"आजी, झालं ना बोलून?"

"थांब," ती म्हणाली. "अजून यायचाय."

मी हसले. तेवढ्यात...

फोन वाजला.

आजीने पहिल्याच घंटेला उचलला. तिचा सगळा चेहरा बदलला.

"हं... जेवलास?"

मी गॅलरीत जाऊन मोबाइलवरून आईला फोन लावला. "मामा कुठेय?"

"हा काय, समोर बसलाय. चहा घेतोय."

पाठीमागून मामाचा आवाजही आला, "काय गं, काय झालं?"



मी आत आले. आजीने रिसीव्हर माझ्यापुढे धरला.

"घे. तुझ्याशी बोलायचंय म्हणतोय."

मी कानाला लावला.

इंजिनाची घरघर नव्हती. वारा नव्हता. लाइनची खरखरसुद्धा नव्हती. पाण्याखाली डोकं घातल्यावर कान बंद होतात ना... तसं.

मग कुणीतरी घसा साफ केला.

"चिमणे..."

या नावाने मला फक्त थोरला मामा हाक मारायचा.

"ताईला दे."

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"दे ना. तिनेच ठरवलं ना हे?"

रिसीव्हर माझ्या हातातून सुटला. आजीने तो शांतपणे उचलला, कानाला लावला आणि जागेवर ठेवला.

"ठेवला त्याने," ती म्हणाली. "आधीचा धाकटा होता."

"आजी... तुला माहीत होतं?"

"अगं, माझ्या पोटची पोरं. मला आवाज कळायचा नाही? पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

आजी पदराशी चाळा करत राहिली.

"मागच्या खेपेला माझ्याशी भांडून गेला होता तो. मला वाटलं, अजून रागात आहे. माझ्याशी बोलायचं नाही, म्हणून धाकट्याला पुढे करतोय." ती थांबली. "वर्षभर मला धड झोप नाही गं. आता स्वतः फोन करतो. राग गेला त्याचा."

आम्ही समजत होतो, तिला दुःखापासून वाचवतोय.

त्याच संध्याकाळी सगळे आजीसमोर बसलो. आईने तिचा हात हातात घेतला. "आई, थोरला..."

"माहीत आहे," आजी म्हणाली. "त्याने सांगितलं मागच्या रविवारी."

तिने आपला हात सोडवून घेतला.

"बोटीवरून पडला. पाणी फार गार होतं म्हणाला. तुम्ही मला सांगाल, म्हणून आठवडाभर वाट बघत होते."

तिने पेल्यातलं पाणी प्यायलं. हातसुद्धा थरथरला नाही. ज्या हृदयासाठी आम्ही हे सगळं केलं, त्याला काहीही झालं नाही. त्यानंतर ती बरीच वर्षं जगली. दर रविवारी दुपारी आतून दार लावून घ्यायची. माझ्या आईशी मात्र कामापुरतंच बोलली, शेवटपर्यंत.

धाकट्या मामाने नकला सोडल्या. गाडी शिकवतानाही हातानेच खुणा करतो. मध्येच मामीला विचारतो, "मी आधी असाच बोलायचो का गं?"

मामी हो म्हणते. मला सांगते, "खरं तर मलाही आता आठवत नाही."

आजी गेल्यावर आईने तिचा फोन आमच्याकडे आणला. नंबर तोच ठेवला. रविवारी जेवण झालं की त्याच्याशेजारी जाऊन बसते. वर्तमानपत्र हातात असतं, पान उलटत नाही.

फोन कधीच वाजत नाही.

"नक्की काय म्हणाला होता तो?" ती मला विचारते.

"ताईला दे, म्हणाला."

"एवढंच? पुढे काही नाही?"

"नाही."

"रागात होता?"

"नाही गं आई. मुळीच नाही."

ती माझ्या चेहऱ्याकडे बघते. तिला कळत असेल का... मला माहीत नाही.

"मग मला का नाही करत तो फोन?" ती विचारते.