पन्नास वारांचा दोर

मी आयुष्यात एकदाच खोटी साक्ष दिली. ही गोष्ट त्याच साक्षीची आहे, म्हणून हिच्यात एक शब्दही खोटा घालणार नाही.

१८४१ चा नोव्हेंबर. कॅलिफोर्नियाचा किनारा. सकाळची वेळ आणि चार हातांपलीकडचं दिसू नये असं धुकं.

माझा मामा, सार्जंट हिलारिओ, वीस वर्षं लष्करात होता. त्या नोकरीबद्दल सरकारने त्याला बंद पडलेल्या ख्रिस्ती मिशनची जमीन देऊ केली. अट एकच, जमीन ओसाड हवी.

ती ओसाड नव्हती. मिशनचे आदिवासी तिथे मका पिकवत होते. ही जमीन तुमचीच, असा मिशनच्या पाद्रीबाबांनी जाताना त्यांना शब्द दिला होता.

तरी 'इथे कुणी राहत नाही' असं लिहिलेल्या कागदावर तिघांनी सह्या केल्या. मामाने, न्यायाधीशांनी आणि साक्षीदार म्हणून मी.

मोजणीआधी रिवाजाप्रमाणे मामाने मूठभर गवत उपटून चारी दिशांना भिरकावलं. असं केलं की जमीन आपली. पहिला कोपरा आदिवासींच्या कबरस्तानात होता, म्हणून गवतही तिथलंच.

म्हातारी पोन्सियाना कबरींपाशी बसली होती.

"हिलारिओ, मी समोर बसलेय. आणि तू लिहिलंस इथे कुणी नाही?"

"कागदावर नाहीस म्हणजे नाहीस, म्हातारे," मामा हसला. "ऊठ, घोडा बुजेल."

ती हलली नाही. "दोघंच कशाला मोजता? आमची माणसं येतील दोर धरायला."

"ऐकलंस का रे भाच्या? फुकटचे मजूर!"

मोजणीच्या पन्नास वारांच्या दोराचं एक टोक मामाकडे, दुसरं माझ्याकडे. दोघेही घोड्यावर. तो पुढे जाऊन दोर ताणायचा, खुंटी ठोकायचा आणि दोन हिसके द्यायचा. मग मी खुंटीपर्यंत जायचो, तोवर तो आणखी पुढे.

धुक्यात मामा दिसत नव्हता. फक्त हिसके...

दुपारी मी ओरडलो, "मामा, चार घास खाऊन घेऊ या का?"

पुढून फक्त दोर ताणला गेला.

दोन हिसके...

तेव्हा लक्षात आलं. पुढून टापा ऐकू येत नव्हत्या.

अनवाणी पावलं वाजत होती... एकाची नाही, पुष्कळांची.

मी दोर सोडायला हवा होता. सांगायला लाज वाटते, पण मामाला मूलबाळ नव्हतं आणि जमीन पुढे माझीच होणार होती. मी जात राहिलो.

चारच्या सुमारास धुकं विरलं.

दिवसभरातल्या सगळ्या खुंट्या मला एकदम दिसल्या. कबरस्तानाभोवती, कुंपणासारख्या. मी दिवसभर तेवढ्याच जागेला घिरट्या घातल्या होत्या.

आत, पहिल्या कोपऱ्यावर, मामा पडला होता. अंग लाकडासारखं ताठलेलं. मोजणी तपासायला आलेले न्यायाधीश म्हणाले, हा सकाळीच गेलाय.

तोंडात गवत कोंबलं होतं. पार घशापर्यंत.

दोर अजून माझ्या हातात होता. दुसरं टोक मोकळं, मातीत पडलेलं.

तरी दोन हिसके आले...

"सह्या तीन होत्या ना?" पोन्सियानाने विचारलं.

मी कागद फाडला आणि शंभर मैलांवर राहायला आलो. तिची माणसं अजून तिथे मका पिकवतात. न्यायाधीश पुढच्या वसंतात आपल्याच अंगणात सापडले. त्यांच्या तोंडात काय होतं, ते सांगायला नकोच.

माझ्या अंगणात मी गवताची एक काडी उगवू देत नाही.

आज सकाळपासून धुकं आहे. मघाशी दार उघडलं तर उंबऱ्यावर मूठभर गवत पडलं होतं... ओलं, मुळांसकट.