म्हातारीच्या आंघोळीचा दिवस

तोयोनो टोफू आणायला निघाली होती. कुराओरी गावात सराई अशी एकच, तिची. धबधबा आणि मेपलची लाल पानं बघायला येणारे तिथेच उतरत, मागच्या अंगणातल्या गरम पाण्याच्या कुंडात डुंबत आणि त्याच पाण्यात शिजवलेला टोफू खाऊन जात. पण अलीकडे येतंय कोण! पानं गळाली की गावची बसही बंद होणार होती. बस गेली की सराई गेली, हे सांगायला ज्योतिषी नको.

आणि नेमका आजच प्रवासपुस्तिका लिहिणारा कुसाका बसमधून उतरला. वर्षातला हा एकच दिवस असा, की कुंडावर फळ्यांचं झाकण घालायचं, काठावर भाताची मूद ठेवायची आणि घरातल्यांनीसुद्धा तिकडे फिरकायचं नाही. डोंगरातल्या म्हातारीच्या आंघोळीचा दिवस तो.

"झाकण काढू नकोस गं," तिची थोरली नणंद सुए म्हणाली.

"वन्सं, त्याने चार ओळी बऱ्या लिहिल्या तर बस राहील. म्हातारी उद्या करेल की आंघोळ. तिला कुठे बस गाठायचीय?"

"जिभेला काही हाड आहे का तुझ्या!"

तोयोनोने झाकण काढलंच.

कुसाका कुंडातून आला तो लालबुंद आणि खूश. टोफूचं वाडगं त्याने दोन्ही हातांनी उचललं.

"मालकीणबाई, तुमच्याकडच्या आजी फार मायाळू हो! काय पाठ चोळून दिली!"

तोयोनोची पळी हातातच राहिली. सुए तर दुपारपासून चुलीपुढून हलली नव्हती.

"कुठल्या... आजी?"

"वाफेत तोंड नाही दिसलं. मग मीही त्यांची चोळली. आपली चोळून घ्यायची आणि उठून चालू लागायचं, हे बरं दिसतं का?"

यात त्याचं काय चुकलं? गावातल्या कुठल्याही आईने पोराला हेच शिकवलं असतं.

"आणि... मग?"

"मळ हो! शेवयाच शेवया. संपेचना. देवीच्या व्रणांनी खडबडीत झालेली पाठ चोळावी तशी मऊ होत गेली... लहान होत गेली... शेवटी हातात नुसता पंचा. उतरल्या असतील पाण्यात." तो हसला आणि वाडग्याच्या तळाशी राहिलेल्या पांढऱ्या वाती बोटाने तोंडात ढकलल्या. "हे झकास लागतंय. अजून आहे?"

कुंडाचं पाणी नळीने थेट चुलीपाशी येत होतं. मीठ बघायला तोयोनोने दोनदा चव घेतली होती.

ती मागच्या दाराबाहेर पडली आणि भडाभडा ओकली. तोंड पुसून कुंडापाशी गेली, तर पाण्यावर सायीसारखा जाड थर. गंधकाचा वास पार गेलेला. चार दिवस न सोडलेल्या जखमेच्या पट्टीसारखी घाण येत होती. तिने चाळणी घातली. वर आल्या त्या कोमट, चिकट वळ्या. एकीत पांढरा केस गुंतलेला. ती वळी बोटाला चिकटली ती झटकून पडेना, दगडावर घासली तरी निघेना. दोघी नणंदा-भावजयांनी कुंड उपसलं, खराट्याने खरवडलं. नवं पाणी आलं. त्यातही त्याच वळ्या तरंगत होत्या.

पुस्तिका निघाली. 'कात टाकल्यासारखं वाटायला लावणारं पाणी,' असं कुसाकाने लिहिलं होतं. बस राहिली, इतकंच नाही, भरून येऊ लागली. पाहुणे पाठ चोळून घेत, चोळून देत, आणि ओकणं राहिलं बाजूला, टोफू दुसऱ्यांदा मागून घेत. त्यांची चाटूनपुसून ठेवलेली वाडगी तोयोनो तोंड फिरवून उचलायची. तरी पुढच्या बसला ती दारात वाकून उभी असायचीच.

"बुजव ते कुंड," सुए एके दिवशी हळूच म्हणाली. "माणसं काय खाताहेत... ठाऊक आहे ना तुला?"

"बुजवीन, वन्सं. एवढा हिवाळा जाऊ दे."

बोलता बोलता तोयोनो बाहीच्या आत मनगट चोळत होती. किती वेळ, कोण जाणे. पायाशी पांढऱ्या वळ्यांचा सडा पडला होता. दुखत नव्हतं. उलट, सांगायला लाज वाटावी इतकं बरं वाटत होतं. तिने बाही वर सारली. खालून कोवळी, गुलाबी कातडी निघाली होती आणि तिच्यावर देवीचे व्रण होते.

तोयोनोला देवी कधीच आल्या नव्हत्या.