मागच्या सीटवरचं वजन

गाडी डावीकडे ओढते, एवढीच तक्रार होती.

गाडी म्हणजे छोटी, बिनगिअरची स्कूटर, जुनीच घेतलेली. लेकीसाठी. लहानपणच्या आजारात तिचा उजवा पाय बारीक राहिला. काठीशिवाय तिला चार पावलं टाकता येत नाहीत, पण जिभेला मात्र काठी लागत नाही. एका छापखान्यात ती मुद्रितं तपासते. तो छापखाना कालव्यापलीकडच्या नव्या इमारतीत गेला आणि तिकडे बस जाईना. मी सोडायला जायचो, आणायला जायचो. एक दिवस घरी आल्यावर म्हणाली, "बाबा, मालक विचारत होते, तुमच्या वडिलांना सर्दी झाली की तुमची रजा का लागते?" हसतच म्हणाली, पण मला ते लागलं. नोकरी टिकवायची तर तिला आपली आपण जाता-येता यायला हवं होतं.

मी जन्मभर वजनकाटे दुरुस्त केले. दुकान बंद केलं, तरी अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये पोती तोलायचा एक मोठा काटा अजून जमिनीत बसवलेला आहे. लोखंडी पाट आणि भिंतीवर ताटाएवढी तबकडी. माझी देवावर श्रद्धा आहे आणि काट्यावरही आहे. दोघंही तोंड बघून माप देत नाहीत.

आणली तेव्हा त्या स्कूटरला एकाच माणसापुरती सीट होती. मागचा भाग कुणीतरी कापून टाकलेला, आणि मागच्या माणसाचे पाय ठेवायचे दांडे करवतीच्या ब्लेडने उडवलेले. काम घाईचं होतं. कापलेल्या कडा घासल्याही नव्हत्या. मी मनात म्हटलं, बघा माणसाचा स्वभाव, कुणाला मागे बसवावं लागू नये म्हणून केवढा हा खटाटोप. मला तसली एकटी गाडी नको होती. मी सीट शिवणाऱ्याकडून लांब सीट करून घेतली, नवे दांडे वेल्डिंग करून बसवले. दोन्ही बाजूंना स्प्रिंगवरची छोटी चाकं लावली, काठीसाठी पुढे पकड केली, बटणावर गाडी सुरू होईल अशी सोय केली.

माझी धाकटी बहीण आमच्याकडेच असते. ती ओट्यावर बसून सगळं बघत होती.

"मागे कोण बसणार आहे?" तिने विचारलं.

"तू बस की. भाचीबरोबर फिरून ये."

"नको रे दादा. मला तुझ्या वेल्डिंगपेक्षा माझे गुडघे बरे. कुरकुरतात, पण सांगून कुरकुरतात."

मी चालवून पाहिली तेव्हा गाडी सुतासारखी सरळ गेली. लेक चालवायला लागली आणि डावीकडे ओढायला लागली. थोडीशी नाही. घरी यायची तेव्हा हँडल दाबून धरून तिचे हात भरून आलेले असायचे. जाण्याचा रस्ता कालव्याच्या काठाने, आणि कालवा डाव्या हाताला.

मी हवा तपासली. पुढचा फोर्क सोडून बघितला, बेअरिंग बदललं, बाजूची चाकं ओळंब्याने जुळवली. काहीच निघालं नाही. शेवटी एका रविवारी दुपारी म्हटलं, चला, काट्यावर घेऊ. गाडीचं वजन मला माहीत होतं, लेकीचं माहीत होतं. गाडी पाटावर उभी केली आणि तिला बसायला सांगितलं.

काटा दोघांच्या बेरजेवर येऊन थांबला. मी वळणार होतो. तेवढ्यात तो पुन्हा हलला.

काटे मी हजारो पाहिलेत. पोतं टाकलं की काटा उडी मारतो. माणूस चढला की तसं होत नाही. आधी पाय पडतो, काटा थोडा सरकतो, मग अंग येतं. तो तसा सरकला. आधी थोडा, मग उरलेला. मागची नवी सीट आणि डावीकडची स्प्रिंग, दोन्ही जरा दबल्या. जुन्या वळणाच्या बायका दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसतात ना, तशी.

"झालं का, बाबा?" लेकीने विचारलं.

"उतर," मी म्हटलं.

ती उतरली. काटा गाडीच्या वजनावर आला. मी स्वतः बसून पाहिलं, काही नाही. तिला परत बसवलं, आणि परत तेच. बेरजेच्या वर एकेचाळीस किलो.

आता हा आकडा दुसऱ्या कुणाला नुसता आकडा वाटला असता. माझी बायको आजारात झिजत गेली, तेव्हा डॉक्टरांनी वजनावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. याच पाटावर मी तिला उभी करायचो. ती म्हणायची, "मला पोत्यात जमा केलंत ना शेवटी." या पाटावर ती शेवटची उभी राहिली, तेव्हाचं तिचं वजन एकेचाळीस होतं.

मी तिथेच पाटाच्या कडेला बसलो. भीती वाटली नाही, खोटं कशाला सांगू. डोळे भरून आले. म्हटलं, देवा, आई ती आईच. लेकीला एकटीला रस्त्यावर सोडवेना तिला.

लेकीला आणि बहिणीला सांगितलं. लेकीने मागच्या सीटवर हात फिरवला.

मग मी डावी स्प्रिंग आवळली. माणूस बसतो म्हटल्यावर त्याच्या वजनाची सोय नको? गाडी सरळ चालायला लागली. लेकीचे हात भरून यायचे थांबले. सकाळी बटण दाबायच्या आधी ती मान जरा मागे वळवून म्हणायची, "आई, येतेस ना?" आणि सीट दबायची. वाटेत ती तिच्याशी बोलायची. मालकांचं, मैत्रिणींचं, छापखान्यातल्या एका यंत्र चालवणाऱ्या मुलाचं, जे माझ्याशी कधी बोलली नव्हती ते सगळं. तिचा चेहरा उजळला होता. मी रोज देवापुढे हात जोडत होतो.

पाऊस संपता संपता गाडी पुन्हा डावीकडे ओढायला लागली. मी काट्यावर घेतली. बेरजेवर अठ्ठेचाळीस.

स्प्रिंग आवळली. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. छप्पन्न.

बहीण ओट्यावर भाजी निवडत होती. तिला मी म्हटलं, "माहेरी आलेली बाई अंगाने भरते, तशी भरली असेल. इथे सुखात आहे ती."

बहिणीने निवडायचं थांबवलं नाही.

"दादा, एक विचारू? वहिनी आजारी होती तेव्हा न्हाणीपर्यंत जायची. कुणाचा हात धरायची?"

"कुणाचाच नाही. भिंत धरायची."

"तुझा नाही, माझा नाही. भिंतीचा. उगाच कुणाला त्रास नको म्हणून." तिने देठ बाजूला टाकले. "ती बाई मेल्यावर अधू लेकीच्या पाठीमागे येऊन बसेल? आणि रोज जड होत जाईल?"

मी उगाच भाजीची एक जुडी हातात घेतली.

"एकेचाळीस किलो म्हणे," ती म्हणाली. "जगात तेवढ्या वजनाची वहिनी एकटीच होती का रे?"

त्या दुपारी मी गाडी विकणाऱ्या माणसाला फोन लावला. आधी ख्यालीखुशाली विचारली, मग विषय काढला.

"मागची सीट तुम्हीच कापली होती ना?"

"हो."

"कशासाठी?"

त्याने उलट विचारलं, "तुम्ही परत बसवली?"

"बसवली."

"मग राहू द्या," तो म्हणाला. "आता काढू नका. माझं ऐका. काढू नका."

फोन ठेवला त्याने. पुन्हा लावला तर उचलला नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. याचं तोंड कशाने पोळलं, ते त्याने सांगितलं नाही.

माझं मन दुविधेत होतं. सीट राहू दिली.

त्याच आठवड्यात डावीकडच्या छोट्या चाकाचा दांडा वेल्डिंगशेजारी तडकला. भर सकाळी, कालव्याच्या काठावर. गाडी कठड्याला टेकून थांबली म्हणून लेक माझ्यासमोर आहे. दोन वाटसरूंनी गाडी उचलून सरळ केली. एक जण म्हणाला म्हणे, "ताई, एवढीशी गाडी, केवढी जड आहे हो."

दांडा मी बदलून जाड केला. काट्यावर घेतली. आकडा लेकीला सांगितला नाही. कितीही जाड दांडा घातला तरी त्या आकड्यापुढे तो टिकला नसता. आणि आकडा थांबणार नव्हता.

मी ब्लेड काढलं.

लेक दारात उभी होती. "काय करताय?"

"मागची सीट काढतोय. दांडे पण. गाडीला भार झेपत नाही, बाळ."

ती काठीवर रेलून बघत राहिली.

"मग आईला कुठे बसवायचं?"

ती आई नाही, हे शब्द माझ्या तोंडाशी आले होते. इतके दिवस ती तिच्याशी मन मोकळं करत होती. कुणाशी केलंस, ते मला ठाऊक नाही, असं लेकीला कसं सांगायचं? "आईला आता विश्रांती दे," एवढंच मी म्हटलं.

ती आत गेली.

माझे हातही घाई करत होते. काम झालं तेव्हा पाहिलं, कडा घासायच्या राहिल्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी डावी स्प्रिंग परत सैल केली आणि निघायच्या आधी लेकीला काट्यावर बसवलं. काटा बेरजेवर आला आणि थांबला. मी तबकडीवरची नजर काढली नाही. तो हलला नाही. गाडी फाटकातून बाहेर पडली ती रेघ ओढल्यासारखी सरळ.

दिवसभर माझं कशात लक्ष नव्हतं. बहिणीने दोनदा चहा पुढे ठेवला आणि दोनदा गार झाल्यावर उचलून नेला.

उजेड असतानाच लेक परतली. गाडी शेडमध्ये लावली.

"बाबा, आज काय चालली गाडी! पिसासारखी," ती म्हणाली. "जरासुद्धा ओढली नाही."

माझ्या जिवात जीव आला. मी देवाचं नाव घेतलं.

ती अंगणातून येऊ लागली, छापखान्यातली गंमत सांगत. कुणीतरी नकाशा उलटा छापला होता. ती हसत होती.

तिचा डावा पाय धडधाकट आहे. सगळं अंग ती आजवर त्याच्याच जिवावर तोलत आली. आज तो पाय प्रत्येक पावलाला गुडघ्यात वाकत होता.

डावा खांदा खाली गेला होता.

"काय झालं गं खांद्याला?"

"कुठे काय?" ती म्हणाली. "जरा अवघडलाय. दमले असेन."

मध्येच तिने काठी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली. गंमत सांगायची थांबली नाही. आपण काठी बदलली, हे तिला कळलंही नसावं.

आमचा दरवाजा एका माणसापुरता आहे. आत येताना ती उंबऱ्याशी थांबली आणि किंचित आडवी झाली, अरुंद दारातून दोघं बरोबर जाताना होतात, तशी.