सिंधुबाईनं दिलेला विस्तव

सावळाराम कळंबचाच. त्याच्या बांधाला माझा बांध; त्याच्याच तोंडून ऐकलंय, म्हणून सांगतो. गावगप्पा असत्या तर तोंड उघडलं नसतं.

एकोणीसशे छप्पन सालची अविधवा नवमी. नवऱ्याआधी गेलेल्या बाईला त्या दिवशी जेवू घालतात. तिच्या नावानं तूप-भाताचा घास विस्तवावर ठेवायचा. अग्नी तो तिला पोचवतो. सावळारामची सिंधुबाई पौषात गेली, बाळंतपणात. हा तेव्हा उसाची गाडी घेऊन कारखान्यावर. निरोप मिळून घरी पोचला, तोवर तिच्या भावानं अग्नी देऊन राखही सावडली होती. तेव्हापासून हा चुलीकडं पाठ करून जेवायचा.

त्या दिवशी त्याच्या म्हाताऱ्या आईनं, रंगूबाईनं, दुपारीच भात रांधला. पण हा मुद्दाम शेतात रेंगाळला. दिवेलागणीला आला तर चूल विझलेली, काडीपेटी सादळलेली.

"सावळ्या, द्वारकाबाईच्या वस्तीवरनं इस्तू आण," म्हातारी म्हणाली. "सिंधू पोरगी सकाळधरनं उपाशी हाय."

खापरी घेऊन तो निघाला. पाऊस नुकताच उघडलेला, वाट ओली. नवमीचा चंद्र उगवायला मध्यरात्र व्हायची होती. ओढ्याकाठच्या मसणवट्यापाशी त्याला जाळ दिसला. लहानसा. गावात तर पंधरवड्यात कुणी गेलं नव्हतं.

जाळापुढं एक बाई बसलेली. पाठमोरी. फुंकर घालत होती.

"कोन हाय?"

तो दोन पावलं पुढं झाला.

"बाई, जरा इस्तू मिळंल का?"

तिनं जाळात हात घातला. उघडा हात. निखारे उचलले, त्याच्या खापरीत ठेवले. एक... दोन... तीन.

पदर तोंडावर होता. पण हात त्यानं ओळखले.

 

"सिंधू..."

ओढ्याचं पाणी तेवढं वाजत होतं.

"तुला अग्नी द्यायला... म्या आलो न्हाय गं..."

 मग अगदी हळू आवाज आला.

"तुमास्नी निरोपच उशिरा गावला. ठावं हाय मला." ती उठली. "भूक लागलीया. चला."

तो चालू लागला. बाजूला बघायचा धीर झाला नाही. नुसती चाहूल... मग तीही नाही.

घरी आला तेव्हा निखारे लालभडक होते. घास त्यानं स्वतःच्या हातानं ठेवला, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा चुलीतल्या जाळाकडं बघितलं. ज्वाला उठली. पौषात न रडलेला माणूस लहान पोरासारखा रडला.  म्हातारीनं पाठीवर हात ठेवला.

सकाळी तो मसणवट्यावर गेला. तिथं राख नव्हती. गवत हिरवं, दहिवरानं भिजलेलं.

ओल्या वाटेवर त्याच्या वहाणांचे ठसे घराकडं गेलेले. त्यांच्या डाव्या अंगाला बाईची अनवाणी पावलं.

सात.

आठव्या जागी चिखल सपाट होता.