दोन सेकंद जास्त

देवळाली प्रवराच्या बाजूला एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये मी केमिस्ट होतो. दर तासाला उसाच्या रसाचा नमुना घ्यायचा, त्यातली साखर मोजायची आणि आकडा वर कळवायचा, हे माझं काम. नाव सूर्यभान भिंगारदिवे. जे मोजता येतं त्यावर विश्वास ठेवायचा, ही सवय मला त्या लॅबनं लावली. सिगारेटची सवय मात्र मी कॉलेजातूनच घेऊन आलो होतो. सोळा वर्षं, दिवसाला दोन पाकिटं.

सुट्टीच्या दिवशी आणि लगीनसराईत मी आमच्या वस्तीच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचो. बँडचे मास्तर काकासाहेब. साठीचा माणूस, पण ट्रंपेट तोंडाला लावलं की गल्लीतली कुत्री उठून बसायची. एक्क्याण्णवच्या जानेवारीत राहात्याला एका लग्नात वाजवताना माझा सूर मध्येच तुटला. छातीत हवाच उरली नव्हती. वऱ्हाडातल्या कुणाच्या ते लक्षातही आलं नसेल, पण काकासाहेबांच्या आलं.

परतताना टेम्पोत चढण्याआधी त्यांनी मला बाजूला घेतलं. आमच्या बँडची एक रीत होती. भीमजयंतीची मिरवणूक एकट्या क्लॅरोनेटच्या लांब सुरानं सुरू व्हायची आणि तो सूर संपला की ढोल-ताशे पडायचे. गेली नऊ वर्षं तो सूर माझा होता.

"सूर्यभान, यंदा शंभरावी जयंती हाय. समदा तालुका येनार," ते म्हणाले. "म्होरचा सूर तुझाच. पन या दमावर न्हाई जमायचं."

हे सांगताना त्यांच्या स्वतःच्या तोंडात बिडी होती. ते ध्यानात आल्यावर त्यांनी ती विझवली आणि कानामागं खोचली.

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी मी सिगारेट सोडली. राहुरीच्या डॉक्टरांनी एकच गोष्ट सांगितली होती. तलफ पाहुण्यासारखी असते. तिच्यासाठी चहा टाकला नाही, की पाच मिनिटांत आपसूक उठून जाते. ती पाच मिनिटं तेवढी काढायची.

पहिले तीन दिवस ती पाच मिनिटं मी लवंगा, बडीशेप आणि फुटाणे चघळत काढली. लॅबचा शिपाई म्हणाला, साहेब, टांग्याचं घोडं पण एवढे खात नाही. घरी तर मी भाजीत मीठ बरोबर पडलंय म्हणून भारतीवर चिडलो. भारती माझी बायको. तिनं शांतपणे ताट उचललं, शेजारच्यांना देऊन आली आणि मला परत वाढलंच नाही. रात्रभर उपाशी पडून राहिलो आणि सकाळी दोघांनाही हसू आवरेना.

चौथ्या दिवशी अकराच्या सुमाराला माझा हात आपोआप रिकाम्या खिशात गेला आणि पाकीट चाचपत राहिला. कपाटात संध्याकाळच्या तालमीसाठी आणलेलं क्लॅरोनेट होतं. मी ते काढलं, लॅबचं स्टॉपवॉच घेतलं आणि मागच्या दारानं पाटावर गेलो.

लॅबपासून पाण्याचा पाट दोन मिनिटांवर. त्यावर एक दगडी मोरी होती, लहानशा पुलासारखी. अलीकडं कारखान्याची भिंत, पलीकडं उभा ऊस, दीड पुरुष उंच, नजर पोचेल तिथवर. हवेला मळीचा आंबूस वास. मी एकच सूर धरला. छातीतली हवा संपेपर्यंत धरला आणि घड्याळ दाबलं. अकरा सेकंद. कसलेला वादक तीस सहज धरतो. पुन्हा धरला, पुन्हा अकरा. आठव्या सुराला ध्यानात आलं, की तलफ निघून गेली होती.

मग तोच माझा उपाय झाला. अकराला, जेवणानंतर आणि पाचला. आमचे चीफ केमिस्ट हेमचंद्र राजहंस. पुण्याकडचा शिस्तीचा माणूस, त्यामुळं मी भीतभीतच परवानगी मागितली. ते म्हणाले, "पाच मिनिटं सिगारेटला देतच होतो की. सुराला द्यायला काय हरकत?"

आठवड्याभरानं मला प्रतिध्वनी ऐकू आला.

मी सूर सोडला आणि उसापलीकडून तोच सूर परत आला. बारीक, स्वच्छ. मला गंमत वाटली. आवाजाचा वेग मला माहीत होता, म्हणून एक तोकडा सूर फुंकून मी वेळ मोजली. सुरू व्हायला चार सेकंद. म्हणजे पावणेसातशे मीटरवर एखादी भिंत हवी. मी सायकल घेऊन पलीकडं जाऊन आलो. भिंत नव्हती. बांध, दोन बाभळी आणि पुढं पुन्हा ऊस.

दुसऱ्या दिवशी मी त्याची लांबीही मोजली. माझा सूर बारा सेकंद. परत आलेला चौदा.

प्रतिध्वनी मूळ आवाजापेक्षा लांब होत नाही. म्हणजे तिकडं कुणीतरी वाजवत होतं. मला लहान पोरासारखा आनंद झाला. आपल्याच गावात कुणी वादक आहे आणि आपल्याशी खेळतोय. मी तेरा धरले, त्यानं पंधरा. मी मुद्दाम पाचावर थांबलो, तो सातावर थांबला. मी मोरीवर एकटा उभा राहून मोठ्यानं हसलो.

काकासाहेबांना विचारलं. त्यांनी बोटांवर गावं मोजली. राहुरीपासून राहात्यापर्यंतचे सगळे क्लॅरोनेटवाले त्यांना ठाऊक होते, आणि यातलं कुणी देवळालीच्या उसात दिवसातून तीनदा येऊन बसेल असं नव्हतं.

पाटाच्या कडेनं केशरबाई दोन शेळ्या चारायच्या. माझ्या आईच्या वयाच्या. एकदा त्यांनी मला थांबवलं.

"पल्याडचा कोन हाय रं, बाबा? दोगं जोडीनं लई ग्वाड वाजिवता."

म्हणजे तो त्यांनाही ऐकू येत होता. माझ्या कानांबद्दल जी थोडी शंका होती, ती गेली.

ते दिवस फार चांगले होते. पंधरा वर्षांनी मला बाजरीच्या भाकरीचा वास आला, घरात शिरण्याआधी, दारातच. भारतीच्या केसांना शिकेकाईचा वास येतो हे मला नव्यानं कळलं आणि तसं सांगितल्यावर ती दिवसभर गुणगुणत होती. खोकला आधी वाढला, मग एका सकाळी उठलो तर नव्हताच. जिना चढताना मी दोन-दोन पायऱ्या टाकू लागलो. सूर वीस सेकंदांवर गेला. पलीकडचा बावीसवर.

मार्चच्या मध्याला त्या शेताला तोड आली. टोळीनं पाच दिवसांत सगळा ऊस आडवा केला, मोळ्या गाड्यांवर चढल्या. सहाव्या दिवशी मी मोरीवर गेलो तेव्हा पलीकडं उघडं रान होतं. जमिनीवर वाळकं पाचट आणि त्यावर बगळे. दोन बाभळींपर्यंत स्वच्छ दिसत होतं. आता तो दिसेल म्हणून मी उत्सुकतेनं सूर धरला. पंचवीस सेकंद.

चार सेकंद गेले आणि उत्तर आलं. त्याच दिशेनं, तेवढ्याच अंतरावरून. सत्तावीस सेकंद. रानात कुणी नव्हतं. बगळे तसेच बसून होते.

मी घड्याळाकडं बघत राहिलो. भीती वाटली नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. पण त्या क्षणी आलेली तलफ गेली होती, नेहमीसारखीच. मी लॅबमध्ये परतलो आणि नमुन्यातली साखर मोजली.

त्यानंतर केशरबाई शेळ्या घेऊन पाटाच्या दुसऱ्या टोकाला जायला लागल्या. मी कारण विचारलं. हितं शेळ्या खाली मान घालत नाहीत, एवढंच त्या म्हणाल्या. सूर वाजला, की दोघी रिकाम्या रानाकडं तोंड करून उभ्या राहतात आणि चारा तसाच पडून राहतो.

मग क्रम उलटा झाला. लॅबमध्ये काम करताना खिडकीतून तो सूर आधी यायचा, अगदी बारीक. मी हातातली नळी खाली ठेवायचो आणि मिनिटाभरात तलफ यायची. एकदा लपूनछपून, एकदा तर इतक्या जोरात, की गेटवरच्या टपरीपर्यंत माझे पाय गेलेच असते. पण आधीच सावध असल्यामुळं मी क्लॅरोनेट हातात घेऊन उभाच असायचो. कुणी पहारा करावा तसं ते होतं. कोण, हे विचारणं मी सोडून दिलं. बुडणारा माणूस हात देणाऱ्याचं गाव विचारत नाही.

भारती एका संध्याकाळी माझ्याबरोबर मोरीवर आली. तिनं माझा सूर ऐकला, मग पलीकडचाही ऐकला. रानाकडं बराच वेळ बघितलं. घरी येताना तिनं माझा दंड धरला होता.

"तुमचं सुटलं ना? मंग बास," ती म्हणाली. "जयंती झाली की हितं येऊ नका."

चौदा एप्रिल, रविवार. माझा सत्तरावा दिवस.

दुपारपासून गावात माणसांचा लोट सुरू होता. ट्रॅक्टर भरून, बैलगाड्यांतून, सायकलींवर. पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, गाडीवर बाबासाहेबांची फुलांनी सजवलेली तसबीर. उन्हं कलली तशी मिरवणूक मुख्य रस्त्यावर उभी राहिली. पेठेतल्या घरांच्या गॅलऱ्या भरल्या होत्या. राजहंस साहेबांचं बिऱ्हाडही तिथंच, पहिल्या मजल्यावर. ते आणि त्यांच्या पत्नी सुनीतीबाई खाली येऊन गर्दीत उभे होते. साहेबांनी मला जय भीम केला, जरा अवघडून, पण मनापासून.

काकासाहेबांनी हात वर केला. रस्ता गप्प झाला.

मी श्वास घेतला. तो पोटापर्यंत गेला, कुठंही न अडता. सूर धरला.

त्या सुरात मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. दहा, वीस, तीस. काकासाहेब बोटांवर मोजत होते आणि त्यांचे डोळे भरत होते. समोर हजारो चेहरे, कुणी हलत नव्हतं. चाळीसला माझी हवा संपली.

मी क्लॅरोनेट ओठांपासून दूर केलं.

सूर चालूच राहिला.

तो समोरून येत होता. गर्दीतून, पंधरा हातांवरून. तिथं एका माणसापुरती जागा मोकळी होती. एवढ्या रेटारेटीत त्या जागेत कुणी शिरलं नव्हतं. माणसं तिच्या भोवतीनं वळून उभी होती, आणि आपण वळलोय हे त्यांना माहीत नव्हतं.

एक सेकंद. दोन.

ढोल पडला.

लोकांनी एकच जल्लोष केला. निळा गुलाल उडाला, ती मोकळी जागा माणसांनी भरून गेली. काकासाहेबांनी मला मिठी मारली, बायाबापड्या नाचायला लागल्या. मी आठ वाजेपर्यंत वाजवत होतो. भारती बायकांच्या घोळक्यात फेर धरून नाचत होती, लग्नानंतर प्रथमच. आयुष्यात इतका आनंद मला पुन्हा झाला असेल, पण यापेक्षा जास्त नाही.

तलफ त्या दिवसानंतर आली नाही. भारतीचं न ऐकता मी दुसऱ्या दिवशी मोरीवर गेलो, सूर धरला, थांबलो. पाचटावरून वारा गेला, बाकी काही नाही. सोबती न सांगता गाव सोडून जावा तसं मला थोडं वाईट वाटलं.

मे महिन्यात राजहंस साहेबांनी मला एक कॅसेट दिली. मिरवणूक टेप केली होती. रेकॉर्डर गॅलरीत ठेवला, बटण दाबलं, घराला कुलूप लावलं आणि आम्ही दोघं खाली आलो, असं त्यांनी सांगितलं. दिवाळीला आपण फराळ द्यावा तशी ती कॅसेट त्यांनी माझ्या हातात ठेवली.

संध्याकाळी आम्ही ती लावली. काकासाहेब आले होते, शेजारचे आले होते. चहा झाला. माझा सूर सुरू झाला तशी सगळी गप्प बसली. तो संपल्यावर ढोल पडला, घोषणा झाल्या, आणि खोलीत पुन्हा हसणं-बोलणं सुरू झालं. काकासाहेब कुणाचा ताशा चुकला ते सांगत होते. टेपवर मिरवणूक हळूहळू पुढं गेली, ढोल लांब गेले, रस्ता रिकामा होत गेल्याचं ऐकू येत होतं.

मग टेपमध्ये, अगदी माइकजवळ, कुणीतरी श्वास आत ओढायला सुरुवात केली.

तो आवाज मी ओळखला. सिगारेटचा पहिला झुरका घेताना माणूस तसा ओढतो. ओठ आवळून, सावकाश. बाकी कुणाचं लक्ष नव्हतं. भारतीचं होतं. तिच्या हातातली कपबशी हलायची थांबली.

मी मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलं. एक मिनिट झालं. चार झाली. मध्ये कुठं खंड नव्हता, सुस्कारा नव्हता.

अकराव्या मिनिटाला कॅसेटची बाजू संपली आणि बटण खट्कन वर आलं. तोवर तो श्वास आतच जात होता.