दोघींची एकच चौकट

त्या शनिवारी दुपारी मी आत्याने तपासलेली प्रुफं खाली छापखान्यात देऊन वर आले, तेव्हा माझ्या वंशवृक्षात चारशे सहा माणसं होती. संध्याकाळपर्यंत पाचशे करायची असं मी ठरवलं होतं. इतक्या साध्या हट्टातून हे सगळं सुरू झालं.

आधी एक सांगू दे. हा उद्योग मी वेळ जात नाही म्हणून करत नव्हते. मोठ्या काकांच्या कपाटात जाड कागदावर लिहिलेली आमची जुनी वंशावळ आहे. दीडशे वर्षांची माणसं तिच्यात आहेत आणि एकही बाई नाही. बापाला मुलगा, त्या मुलाला मुलगा, जणू पोरं आपोआप उगवत होती. ती बघितली तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. मला इतका संताप आला की त्याच आठवड्यात मी वंशवृक्षाच्या एका साइटवर खातं उघडलं. तिथे प्रत्येक माणसाला एक चौकट मिळते. नाव, जन्म, मृत्यू, फोटो. माझ्या झाडात प्रत्येक बाईला तिची स्वतःची चौकट मिळणार होती. लेकी, सुना, बाळंतपणात गेलेल्या, नवऱ्याने टाकलेल्या, सगळ्यांना. एकही गाळायची नाही.

आत्याला ही कल्पना आवडली होती, माझी घाई मात्र आवडत नव्हती. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. बाबा कामासाठी बाहेरगावी असायचे, आणि मला वाढवलं ते आत्याने. तिने लग्न केलं नाही. चाळीस वर्षं ती खालच्या छापखान्याची प्रुफं वाचत आली होती आणि सत्तरी गाठली तरी वाचतच होती. जाड चष्मा, हातात लाल पेन्सिल.

"तारीख टाकलीस, पण कागद बघितलास का?" ती विचारायची.

"अगं, आणखी तिघांच्या झाडात हीच तारीख आहे."

"तिघांनी एकमेकांचं बघून उतरवलं असेल. आमच्याकडे असं करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवायचे, बाई माझे."

"तू मला पगार कुठे देतेस घरी बसवायला?"

"जेवायला घालते ते काय कमी आहे?"

तर त्या दुपारी मी खिडकीपाशी लॅपटॉप घेऊन बसले होते. अशा साइट सतत सुचवत राहतात. कुणा लांबच्या नातेवाइकाने त्याच्या झाडात आपलंच माणूस टाकलेलं असतं, मग पडद्यावर प्रश्न येतो: ही एकच व्यक्ती असू शकते, एकत्र करायची? हो म्हटलं की दोन चौकटींची एक होते. त्या दिवशी मी तीसेक वेळा हो म्हटलं असेल. त्यात एक आत्याचीही होती. तेच नाव, तेच आईवडील, फक्त जन्माचं साल सात वर्षं आधीचं. लिहिणाऱ्याची चूक, असं मी मनात म्हटलं. खाली आणखी काहीतरी लिहिलेलं होतं. ते न वाचताच मी हो दाबलं.

"अगं," स्वयंपाकघरातून आत्याची हाक आली, "दार का लावलंस?"

मी मान वळवून बघितलं. दार सताड उघडं होतं. आत्या ओट्याशी उभी होती आणि सरळ माझ्याकडे बघत होती.

"उघडंच आहे की," मी म्हटलं.

तिने गॅस बंद केला. चहा तसाच राहिला.

उजेड उतरायला लागला तेव्हा ती नवीन प्रुफं घेऊन बसली. मी दिवा लावला आणि मग लक्षात आलं, की तिच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. चष्म्याशिवाय आत्याला समोरच्या भिंतीवरचं घड्याळ दिसत नाही. ती मात्र बारीक टाइप वाचत होती. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, अक्षराला अक्षर जोडत. शाळेत नुकतं घातलेलं मूल वाचतं तशी.

"आत्या, चष्मा?"

"कुणाचा?" ती म्हणाली. तिचा आवाज बसला होता. घशात काहीतरी अडकल्यासारखा, बारीक.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलतबहिणीचा फोन आला. ती रडत होती.

"साधं कळवलंसुद्धा नाहीस? आम्ही काय परके आहोत?"

"काय कळवायचं?"

"आत्या गेली ते!"

"शुद्धीवर आहेस का? आत्या आत झोपली आहे."

"मग त्या साइटने मला का कळवलं? मृत्यूची नोंद झाली म्हणून? बघ की तूच!"

मी बघितलं. आत्याची चौकट राखाडी झाली होती. जन्माचं साल सात वर्षांनी मागे गेलं होतं, आणि त्याच्यापुढे मृत्यूचं साल होतं. एकाहत्तर वर्षांपूर्वीचं. वय, सहा. खाली तिचा मागच्या वाढदिवसाचा फोटो, हसरा. शेजारी आकडा होता: ही नोंद आणखी चार झाडांत उतरवली गेली आहे. एका दुपारीत चौघांनी माझं बघून आत्याला मारून टाकलं होतं.

मला आधी हसूच आलं. मग आतून आवाज आला.

टक. टक. टक.

दारावर कुणीतरी वाजवत होतं. समोरच्या दारावर नाही, आत्याच्या खोलीच्या. आणि आवाज कडीच्या उंचीवरून येत नव्हता, खालून येत होता. जमिनीपासून हातभर अंतरावरून.

मी दार ढकललं. ते नुसतं लोटलेलं होतं. आत्या दाराला लागून फरशीवर बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. खोलीत कसलातरी वास होता, उकळलेल्या कपड्यांचा, औषधाचा.

"आत्या... इथे का बसलीस?"

"उघडत नाहीत," ती त्या बारीक आवाजात म्हणाली. "कधीची वाजवतेय..."

"उघडलंय ना मी. बघ."

तिने माझ्याकडे बघितलं. ओळख नव्हती त्या नजरेत. मग वळून तिने उघड्या दाराच्या फळीवर पुन्हा बोटं वाजवली. टक. टक. टक.

मी गॅलरीत जाऊन मोठ्या काकांना फोन लावला. ते सगळ्या भावंडांत थोरले, ऐंशीचे, कानाने कमी.

"काका, आत्याच्या आधी घरात कोणी मुलगी होती का?"

"आँ? मोठ्याने बोल पोरी, मी काही तुझ्या वयाचा नाही."

मी ओरडून पुन्हा विचारलं.

"होती," ते म्हणाले. "माझ्या पाठची. सहा वर्षांची होऊन गेली. घटसर्प झाला होता, घसा बंद व्हायचा. वर्षाने ही झाली. आईने हिचं नाव तेच ठेवलं. म्हणायची, हाक मारायची सवय सुटत नाही."

"मग कधी कुणी बोललं का नाही?"

"काय बोलायचं? मला लागण होऊ नये म्हणून तिला वेगळ्या खोलीत ठेवली होती. बाहेरून कडी. ती दार वाजवायची. उभं राहवायचं नाही तिला, म्हणून बसून... खालून..."

"काका, कुणी उघडलं?"

"मी नऊ वर्षांचा होतो गं," ते म्हणाले. आणि मग त्यांनी फोन ठेवून दिला.

मी परत लॅपटॉपपाशी आले तेव्हा मला लाज वाटत होती. एकही बाई गाळायची नाही म्हणणारी मी. दोन मुलींना एका चौकटीत कोंबून मोकळी झाले होते. आमच्या पूर्वजांनी निदान एवढं तरी केलं नव्हतं.

एकत्र केलेलं परत वेगळं करायची सोय त्या साइटवर नव्हती. मी ती चौकट पुसली. नवी घेतली. आत्याचा खरा जन्म, खरं साल. तिचं काम, प्रूफवाचक. तिचा फोटो. आतून वाजवणं चालूच होतं, आता जोरात, दोन्ही हातांनी. मी त्या चौघांना लिहिलं: माझी चूक झाली, या एकाच नावाच्या दोन बहिणी आहेत, कृपा करून आत्ताच्या आत्ता दुरुस्त करा. तिघांनी तासाभरात केलं. प्रत्येक वेळी वाजवण्यातलं अंतर वाढत गेलं. चौथ्या बाई कुठल्यातरी दुसऱ्या देशातल्या होत्या. त्यांचं उत्तर संध्याकाळी आलं.

"करते दुरुस्त. पण दोघींपैकी वारली कोण?"

मी लिहिलं, "थोरली."

टक. आणि मग काहीच नाही.

आतून पावलं आली, जड, ओळखीची.

"माझा चष्मा कुठे टाकलास गं?" आत्या दारात उभी होती. तिचा आवाज, तिचाच. "आणि ही काय अवस्था करून बसलीस? जेवलीस का काही?"

मी उठून तिच्या गळ्यात पडले. ती मला थोपटत राहिली. काय झालं ते तिला आठवत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही.

ती झोपल्यावर मी त्या थोरल्या मुलीसाठी वेगळी चौकट केली. ते तरी मी देणं लागत होते. नाव, आईवडील, जन्म. मृत्यूच्या रकान्यापाशी मात्र थांबले. नेमकी तारीख ठाऊक नव्हती, हे झालं एक कारण. खरं कारण हे, की माझा हात धजेना. एकदा सगळ्यांनी मिळून तिच्यावर दार लावलं होतं. मी तो रकाना रिकामा सोडला.

तीन आठवडे आत्या ठणठणीत होती. लाल पेन्सिल, चष्मा, माझ्या नावाने बोटं मोडणं, सगळं जागच्या जागी. मग तिची हिरडी दुखायला लागली. कवळी बसेना. सहा वर्षांपूर्वी तिचे सगळे दात काढले होते, मग आता काय दुखतंय ते बघायला मी तिला दाताच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. भर दुपारी, स्वच्छ उजेडात.

डॉक्टर बराच वेळ आत बघत राहिल्या. मग आत्याला गुळणी करायला सांगून त्यांनी मला बाजूला बोलावलं.

"काय वय म्हणालात?"

"सत्तर."

"या, बघा."

आत्याला पुन्हा तोंड उघडायला लावून त्यांनी लहान आरसा धरला. खालच्या हिरडीत, पुढे, मधोमध, एक पांढरी कड वर आली होती. करवतीसारखी, अगदी कोवळी.

"हा दुधाचा नाही," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "दुधाचा पडल्यावर येतो ना, तो. मुलांना सातव्या वर्षी येतो."

आत्या खुर्चीतून आमच्याकडे बघत होती. "काय कुजबुज चाललीय? काढून टाका म्हणावं, काय असेल ते."

घरी आल्याआल्या मी ती साइट उघडली. थोरलीची चौकट राखाडी नव्हती. मृत्यूचा रकाना रिकामा असला की साइट काय समजते, हे मी वाचलंच नव्हतं. नावाखाली हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं: हयात.

तेव्हापासून रोज दुपारी मी तो रकाना उघडून बसते. एक साल टाकायचं, जतन करायचं, झालं. पण ते टाकलं तर आतल्या खोलीतून नक्की कोण जाईल, हे मला कुणी सांगेल का? डॉक्टरांना नाही सांगता येणार. काका फोन उचलत नाहीत.

काल दुसरा दात दिसला.