रेषेबाहेरची हवा कुणाची?

तटस्थ नावाच्या यंत्रपंचावर मृणाल शिंत्रेचा काडीचा विश्वास नव्हता. कसा असणार? बास्केटबॉलचा अंतिम सामना वडाळी आणि सोनगिरी या शाळांचा, मृणाल वडाळीची कप्तान, आणि हा पंच बनलेला सोनगिरीच्याच प्रयोगशाळेत! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, दुसरं काय!

मघाशी चेंडू हातात असताना मृणालच्या बुटाचं टोक रेषेला जेमतेम टेकलं, तर लगेच शिट्टी. "बाहेर!" आणि आत्ता सोनगिरीच्या झरीन मुजावरने रेषेपलीकडे चांगली हातभर झेप घेतली, हवेतच चेंडू पकडून आत फेकला, त्यावर त्यांनी बास्केट केली, तरी हा ठोंब्या गप्प! सामना बरोबरीत आला. वडाळीला आजवर कधीच न मिळालेली ढाल हातची निसटत होती.

टाइम-आउट मिळताच मृणाल तरातरा पंचाकडे गेली. "रेषेवर मी बाहेर, आणि रेषेपलीकडे ती आत? कुणाचं मीठ खातोस रे?"

"मीठ नको, गंज चढतो," तटस्थ म्हणाला. "तू व्हॉलीबॉल खेळतेस का?"

"हो. त्यात रेषा आतच धरतात."

"इथे रेषाच बाहेर. तुझा गोंधळ तिथेच झाला."

"बरं, मग झरीन?"

"ती उडाली कुठून?"

"आतून," मृणाल कुरकुरली.

"चेंडू आत फेकेपर्यंत ती बाहेर कुठे टेकली का?"

"...नाही."

"हवेतला खेळाडू कुठला? त्याचा पाय शेवटचा जिथे टेकला होता, तिथला. चेंडूही नुसता रेषेपलीकडच्या हवेत गेला म्हणून बाहेर होत नाही. बाहेरच्या जमिनीला, वस्तूला किंवा माणसाला टेकला, की बाहेर."

"एवढं दिसतं तुला?" तिने डोळे बारीक केले.

"काहीच दिसत नाही. हे डोळे रंगवलेले आहेत. जमिनीत, बुटांत आणि चेंडूत संवेदक (स्पर्श झाला की खबर देणारी बारीक यंत्रं) बसवलेत. कुणाचा बूट ते कळतं, कुणाची शाळा ते कळत नाही."

"बघूच!" मृणाल म्हणाली. संशय काही जाईना.

सामना संपत आला आणि चेंडू रेषेबाहेर निघाला. मृणालने रेषेच्या अलीकडे पाय रोवला, झेप घेतली, हवेतूनच चेंडू आत आपल्या संघातल्या सायलीकडे भिरकावला आणि स्वतः पाण्याच्या बाटल्यांत जाऊन कोसळली. सायलीने बास्केट केली! मृणालने डोळे गच्च मिटले. आता शिट्टी वाजणार, सोनगिरीसाठी हा वाजवणारच!

वाजला तो सामना संपल्याचा भोंगा. वडाळी जिंकली होती.

"बाहेर होती ती!" झरीन रागाने ओरडली. मघाशी आपण तेच केलं होतं, हे ती साफ विसरली. "या यंत्राला कुणीतरी फितवलंय!"

मृणालला हसूच फुटलं. "अगं, तुम्हीच बनवलाय ना तो? पुढच्या वर्षीचा पंच दोघी मिळून बनवू. पण आधी सांग, मी उडाले कुठून?"